पुढच्या वर्षी

माणसाला वडिलांकडून दोन गोष्टी न मागता मिळतात. एक मधुमेह आणि दुसरी क्रिकेटची टीम. पैकी मधुमेहावर निदान गोळ्या तरी निघाल्या आहेत. माझ्या वाट्याला दोन्ही आल्या. साखर सध्या ताब्यात आहे. महाराष्ट्राची रणजी टीम मात्र कोणाच्याच ताब्यात नाही. कधीकधी तर ती स्वतःच्याही ताब्यात नसते.

इथे काही वाचक विचारतील, "महाराष्ट्राची, म्हणजे मुंबईचीच ना?" नाही हो! आमच्या दुःखाला इथूनच तर सुरुवात होते. राज्य एक असलं तरी रणजी स्पर्धेत त्याच्या टीम तीन. मुंबईने २०२४ साली बेचाळिसाव्यांदा करंडक नेला. त्यांच्याकडे आता तो ठेवायला जागा नसेल. विदर्भाला पहिला करंडक मिळायला २०१८ साल उजाडलं, पण २०२५ पर्यंत त्यांचे तीन झालेसुद्धा. आणि महाराष्ट्र? आम्ही दोनदा जिंकलो. तेही लागोपाठ! १९३९-४० आणि १९४०-४१. त्यानंतर स्वातंत्र्य आलं, दशमान नाणी आली, टीव्ही आला, मोबाइल आला. करंडक तेवढा आला नाही.

आता कडावच्या माणसाला या टीमशी काय कर्तव्य, असंही कोणी विचारील. आमचं गाव कर्जत तालुक्यात. गावात बाल दिगंबर गणपती, भोवती भाताची शेतं. गावचं दूध मुंबईला, भाजी मुंबईला, आणि शिकलेली पोरं सकाळच्या कर्जत लोकलने मुंबईला. मीही छत्तीस वर्षं गेलो. पण क्रिकेटच्या नकाशात रायगड जिल्हा पडतो महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या पदरात, म्हणजे पुण्याकडे. आमचं पोट घाटाखाली आणि टीम घाटावर!

लोकलचा आमचा ग्रुप अर्थातच सगळा मुंबईवाला. आमचा सामना संपला की दुसऱ्या दिवशी डब्यात स्वागत व्हायचं, "काय कडावकर, किती विकेटांनी?" जिंकलात की हरलात, हे कोणी विचारतच नसे. फक्त आकडा पाहिजे असायचा.

ही टीम आमच्या घरात आणली आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. प्रा. दि. ब. देवधरांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण बोलायचे असं की जणू चुलते लागतात. ते दोन्ही करंडक देवधरांच्या कप्तानीत आलेले. पुण्यात संस्कृत शिकवणारा हा माणूस अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६ धावा करून गेला. या २४६ धावांचा आईला फार उपयोग झाला. माळ्यावरची घमेली काढायला सांगितलं आणि आप्पांनी गुडघ्याला हात लावला, की आई म्हणायची, "देवधरांचे गुडघे नव्हते वाटतं?"

बाकी हरण्यातही आमची एक परंपरा आहे. १९७०-७१ च्या अंतिम सामन्यात मुंबईचे वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर आणि मंकड असे पाच जण वेस्ट इंडिजला गेलेले. अर्धं घर गावाला गेलंय, दाराला कडी नाही, अशी अवस्था. याहून चांगली संधी चोरालासुद्धा मिळत नाही. आम्ही ४८ धावांनी हरलो.

यावर पुष्कळ विचार करून मी एक सिद्धान्त मांडला आहे. आपल्याला काठेवाड बाधलं आहे. डिसेंबर १९४८. पुण्यात काठेवाडविरुद्ध आमचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद. ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम मोडायला फक्त दहा धावा हव्या. मधल्या सुट्टीत काठेवाडचे कप्तान, राजकोटचे ठाकोरसाहेब, म्हणाले, डाव सोडा, नाहीतर आम्ही घरी जातो. आणि खरोखरच गेले! धावफलकावर आमच्या ४ बाद ८२६ होत्या. त्यांचंही चुकलं असं मला म्हणवत नाही. पण विक्रम राहिला तो राहिला, आणि निंबाळकरांना पुढे एकही कसोटी खेळायला मिळाली नाही.

त्या काठेवाडचं पुढे सौराष्ट्र झालं. २०२२ च्या विजय हजारे स्पर्धेत ऋतुराज गायकवाडने एका षटकात सात षटकार मारले. षटकात चेंडू सहा असतात हे मलाही ठाऊक आहे. एक नो-बॉल होता. अंतिम सामन्यातही त्याने शतक ठोकलं आणि आम्ही हरलो. कोणाकडून? सौराष्ट्राकडून! पुढच्याच महिन्यात रणजीत मुंबईशी गाठ. आमच्या पहिल्या डावात ३८४. मुंबईच्याही बरोबर ३८४! आघाडी कोणालाच नाही, दोघेही स्पर्धेबाहेर. आमच्याच गटातून पुढे जाऊन करंडक कोणी नेला, हे आता मी सांगायला नको. १९४८ साली उठून गेलेली मंडळी चौऱ्याहत्तर वर्षांनी हिशेब घेऊन परत आली, इतकंच.

चेष्टा पुरे. खरं दुखणं काठेवाडात नाही, आमच्या घाटात आहे. कर्जतला आम्ही लहानपणापासून बघतो, पुण्याकडे जाणारी गाडी थांबते, मागून बँकर इंजिनं लागतात आणि ढकलत ढकलत तिला घाट चढवतात. आमच्या टीमला पुढून ओढणारे कधी कमी पडले नाहीत. चंदू बोर्डे होते, केदार जाधव झाला, ऋतुराज आहे. मागून ढकलायचं काय?

मुंबईचा पोरगा शाळा सुटली की चालत मैदानावर जातो. भर पावसात त्याच्यासाठी कांगा लीग असते. आमची टीम जळगावपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेली. शेजारच्या वाडीत एक डावखुरा पोरगा होता. भातकापणी झालेल्या शेतात त्याचा चेंडू ढेकळावर पडून असा वळायचा, की फलंदाज आधी चेंडूकडे आणि मग शेतमालकाकडे बघायचा. निवड चाचणीला दोनदा पुण्याला जाऊन आला. तिसऱ्या वेळी बाप म्हणाला, "भारा कोन देनार रं?" पोरगा आता रिक्षा चालवतो आणि रात्रीच्या टेनिस बॉलच्या सामन्यांत बक्षिसं घेतो. मी त्याच्याच रिक्षाने स्टेशनला जायचो. पैसे द्यायला लागलो की म्हणायचा, "असू द्या काका, तुमची टीम हरलीय." तेव्हा माझी सूचना एकच. चाचणीने कधीतरी घाट उतरून खाली यावं. गुडघे दुखत असतील तर देवधरांना आठवावं.

आता तुम्ही म्हणाल, एवढा त्रास होतो तर टीम बदला. विचार केला होता. पण मध्ये २०१४ साल आलं.

त्या जानेवारीत उपांत्यपूर्व सामना, वानखेडेवर, मुंबईविरुद्ध. मी रजा टाकून गेलो. जिंकायला २५२ हव्या होत्या. केदार जाधव नाबाद १२०, विजय झोल नाबाद ९१, आठ गडी राखून विजय! दुसऱ्या दिवशी कामावर जाताना अख्ख्या डब्याला पेढे वाटले. एकाने विचारलं, "सून बाळंत झाली का?"

आप्पा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. उपांत्य सामन्यात बंगालला हरवलं आणि ते उशाशी टेकून बसायला लागले. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. आम्ही काही बोललो नाही.

अंतिम सामना हैदराबादला, कर्नाटकाशी. शेवटचा दिवस रविवार, २ फेब्रुवारी. बाहेरच्या खोलीत सामना संपला. मी टीव्ही बंद केला, दोन मिनिटं तसाच उभा राहिलो आणि आत गेलो.

"काय झालं रे?"

"अनिर्णित राहिला, आप्पा."

जन्मात मी आप्पांशी फार थोड्या वेळा खोटं बोललो, आणि प्रत्येक वेळी पकडला गेलो.

"अनिर्णित राहिला तर पहिल्या डावावर ठरतं," आप्पा डोळे मिटूनच म्हणाले. "आपल्या ३०५, त्यांच्या ५१५. मला शिकवतोस? किती विकेटांनी?"

"सात."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी नक्की." मी पांघरूण सारखं केलं. त्या पावसाळ्यात आप्पा गेले.

अशी टीम बदलायची कशी, तुम्हीच सांगा.

परवा नात अंगणात खेळत होती. जन्माने उजवी, पण २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकल्यापासून बॅट हट्टाने डावी धरते. कारण स्मृती मानधना.

"आबा, स्मृती आपल्या टीमची ना?"

"आपलीच. सांगलीची. एकोणीस वर्षांखालच्या सामन्यात महाराष्ट्राकडून २२४ नाबाद केल्या होत्या तिने, २०१३ साली." माझा आवाज हळूहळू आप्पांसारखा होत चालल्याचं माझ्या लक्षात आलं.

"मग आपली मुलांची टीम कधी जिंकणार?"

"पुढच्या वर्षी," मी म्हटलं.

"नक्की?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बॅट टेकवून उभी राहिली, मी चेंडू टाकायची वाट बघत.

दोनांपैकी एक गोष्ट तिच्यापर्यंत पोचली आहे. दुसरी पोचू नये, एवढंच आता आमच्या बाल दिगंबराकडे मागणं आहे.