परीटघडी

आमच्या घरी परटाकडची इस्त्री ही सणासुदीची चैन होती. वडील गावच्या शाळेत शिक्षक. त्यांचे सदरे दोनच. धुतलेला सदरा घडी करून रात्रभर गादीखाली ठेवला, की सकाळी तो अंगावर चढवण्याजोगा होई.

1962 साली शाळेची तपासणी ठरली. दिपोटीसाहेब तालुक्याहून यायचे होते. आई आजोळी गेलेली. तेव्हा वडिलांच्या सदऱ्याला आपणच इस्त्री करावी, असे मी परस्पर ठरवून टाकले. पितळी तांब्यात चुलीतले निखारे भरले, गळ्याभोवती फडके गुंडाळले आणि घोंगडीवर सदरा पसरला. उन्हात वाळून तो पापडासारखा झाला होता. तांब्या कितीही फिरवला, तरी सुरकुत्या जागच्या हलेनात. मी आणखी निखारे घातले आणि एका हट्टी सुरकुतीवर तांब्या दाबून धरला. करपल्याचा वास आला. तांब्या उचलून पाहतो, तो छातीवर तपकिरी डाग! सुरकुती मात्र शेजारी होती तशीच.

दुसरा सदरा तारेवर ओला होता. वडिलांनी डागाकडे पाहिले आणि एवढेच विचारले, "पाणी शिंपडले होतेस का रे?"

मी मान हलवून नाही म्हटले. भर चैत्रात त्या दिवशी वडील लग्नातला काळा कोट गळ्यापर्यंत बंद करून शाळेत गेले.

पाण्याचा आणि इस्त्रीचा काय संबंध, हे मला पुढे रसायनशास्त्र शिकताना उमगले. कापसाचा तंतू सेल्युलोजचा असतो. त्याच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून असतात. एकेक बंध दुबळा. पण त्यांची संख्या अगणित. पाणी आत शिरले, की हे बंध सुटतात आणि साखळ्या सरकू लागतात. कापड चुरगळलेल्या स्थितीत वाळले, तर बंध त्याच स्थितीत पुन्हा जुळतात. तीच सुरकुती! म्हणजे सुरकुती पाडणारेही पाणी आणि ती घालवायलाही पाणीच हवे. ओलसर कापडावर इस्त्री फिरली, की उष्णतेने साखळ्या अधिकच सैल होतात, दाबाने सपाट होतात, आणि वाफ निघून जाताच बंध त्या सपाट स्थितीत जुळतात. कोरड्या कापडाला नुसती आच दिली, तर ते करपते. पॉलिएस्टरची तऱ्हा आणखी निराळी. तीन ठिपक्यांच्या खुणेवर, म्हणजे सुमारे 200 अंश सेल्सिअसला, सुती कापड खुशाल इस्त्री करावे. तेवढ्या तापात पॉलिएस्टर मऊ पडून चकाकू लागते.

संध्याकाळी वडील घरी आले. कोट काढला, तेव्हा सदरा घामाने अंगाला चिकटला होता. तपासणी कशी झाली, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. हातपाय धुऊन त्यांनी तारेवरचा वाळलेला सदरा घेतला, बोटांनी त्यावर पाणी शिंपडले आणि त्याची गुंडाळी करून माझ्या मांडीवर ठेवली. ओल सगळीकडे सारखी मुरावी, म्हणून आम्ही अर्धा तास बसून राहिलो. मग त्यांनी तांब्यात मोजकेच निखारे घातले. तांब्या टेकताच वाफेचा सुस्कारा निघाला.

"आता तू फिरव," ते म्हणाले.

डागाचा सदरा त्यांनी पुढे दोन वर्षे वापरला, कोटाशिवाय.