आबांना न दिसणारी आग

१८ सप्टेंबर २०२५, गुरुवार. शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

काळी बुलेट स्टँडर्ड ३५०, टाकीला डावीकडे पोचा. पोरगा गडहिंग्लजकडचा, घरचा ऊस. पोचा काढून लांबी भरली, प्रायमर मारून ठेवला. गाडी दसऱ्याला पाहिजे. मागणी ऐकून हसू आलं : "मामा, टाकीवर आगीच्या ज्वाळा पाहिजेत, पण आबांना दिसाय नकोत." घरातल्या वडीलधाऱ्या आबांच्या मते बुलेट काळी आणि वर सोनेरी रेघ, बाकी सगळा तमाशा.

म्हणजे घोस्ट काम. सावलीत टाकी नुसती काळी, उन्हात तिरकी धरली की नक्षी वर येते. आरटीओची कटकटही नाही. रंग बदलला तर आरसीवर नोंद लागते, इथे काळ्याची काळीच राहते.

पितृपंधरवडा चालू असल्यामुळे गाड्या न्यायला कोणी येत नाही. आपल्याला तेवढीच सवड.

२० सप्टेंबर, शनिवार

टाकी आधीच रिकामी करून वाळवली होती, आज तोंड पक्कं बंद केलं. पेट्रोलची वाफ आत राहिली तर रंगाचं सोडा, दुकानही राहायचं नाही. मग काळा बेस. सकाळपासून हवेत ओल. अशा हवेत फास्ट थिनर वापरला की रंगावर पांढरी झाक धरते, म्हणून स्लो थिनर घेतला आणि दोन हातांमध्ये नेहमीपेक्षा जास्त वेळ सोडला. वर इंटरकोट क्लिअरचा एक हात. पुढे टेप उचलताना काळा ओरबाडला जाऊ नये, म्हणून हा आडपडदा.

ज्वाळांच्या नक्षीबद्दल मात्र माझं मत वेगळं. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या हॉट रॉड मोटारींनी त्या गाजवल्या आणि तीच जीभ, तोच बाक जगभर छापून निघतो. त्यापेक्षा उसाचं पान बघा. बुडाशी रुंद, मधे अलगद वळलेलं, टोकाला सुईसारखं. कागदावर काढून टाकीवर धरलं तर वाऱ्यावरचा ऊस आणि ज्वाळा यांत फरकच उरेना. पोरगा खूष.

२१ सप्टेंबर, रविवार

दुकान बंद, तरी येऊन नक्षीच्या पर्लचं बघितलं. निळ्या पर्लची बाटली उघडली तर आत पांढुरकी भुकटी दिसते. नवा पोऱ्या दरवेळी विचारतो, निळं कुठाय? पर्ल म्हणजे अभ्रकाच्या बारीक पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर. थर किती जाड, त्यावर कुठला रंग परत फिरणार ते ठरतं. उरलेला प्रकाश आरपार जातो. खाली काळं असेल तर ते काळं तो प्रकाश गिळतं आणि डोळ्याला फक्त निळा येतो. खाली पांढरं असेल तर तो उरलेला प्रकाशही परत येतो आणि निळा त्यात हरवतो. म्हणून हे काम काळ्यावर खुलतं. अभ्रकाच्या आधी ही चकाकी माशांच्या खवल्यांतून काढत.

जुन्या मडगार्डवर काळा मारून नमुना केला. एका टोकाला एक हात, पुढे दोन, पुढे तीन. ट्यूबलाइटखाली तिन्ही सारखेच काळे. बाहेर उन्हात नेलं तर एक हात जवळपास गायब, तीन हात म्हणजे लग्नाच्या बॅंडचा कोट. दोन हात पक्के. लिटरभर क्लिअरला पाच ग्रॅम, त्यावर नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

काल घटस्थापना, आज खरं काम. तीन मिलिमीटरच्या फाइनलाइन टेपने पानं आखली. ही टेप वळणाला ताणली की बसते, पण फार ताणली तर रात्रीतून आखडते आणि कड सुटते. उरलेला भाग कागदाने झाकला. धूळ टिपायला टॅक क्लॉथ फिरवला, हवा कमी ठेवली आणि लांबून पर्लचे दोन हलके हात मारले.

इथेच सगळा खेळ आहे. मारताना समोर काहीच दिसत नाही. काळ्यावर ओलं क्लिअर, बस. पोऱ्या म्हणाला, "मामा, काय बसलंच नाही, अजून एक मारू?" गन त्याच्या हातातून काढून घेतली. या कामात हात चांगला असून भागत नाही, वेळेवर थांबावं लागतं. जे डोळ्याला पुरेसं वाटतं ते या कामात नेहमी जास्तच झालेलं असतं.

रंग पुरता कडक व्हायच्या आत टेप स्वतःवरच दुमडत सावकाश ओढली. कडा स्वच्छ आल्या. संध्याकाळी क्लिअरचे दोन हात.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

टेपच्या कडेची पायरी बोटाला अजून लागत होती. १००० नंबरचा वॉटर पेपर, पाणी आणि धीर. घासायचं फक्त क्लिअर. पर्लला पेपर लागला तर तिथे काळा डाग पडतो आणि सगळं पहिल्यापासून.

दुपारी आबा आले. घासलेली टाकी, सगळीकडे धुरकट. "ह्येचे एवढं पैसे? काय दिसंनाच की ओ." वर सोनेरी रेघेचा हट्ट. चेन्नईच्या कारखान्यात बुलेटच्या टाकीवरची ती रेघ हातानेच ओढतात. तिला माझा नमस्कार आहे. पण सोनेरी रेघ आधी डोळा धरते, मग बाजूचं हलकं काम कोण बघतो? शेवटी टाकी माझी, दोन्ही साइड बॉक्सवर रेघ आबांची. ब्रशने ओढून दिली.

२९ सप्टेंबर, सोमवार

शेवटचं क्लिअर. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते फुफ्फुसाला धरतं. पोऱ्या रुमाल बांधून उभा राहिला, त्याला बाहेर काढला. बाहेरून हवा देणारा मास्क घालूनच गन धरली.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

गनला, काँप्रेसरला हळदकुंकू वाहिलं. पूजेआधी २०००चा पेपर, मग रबिंग, पॉलिश. पोरगा व्हॉट्सॲपवर फोटो मागतोय. पाठवला तर काळी टाकी दिसते. त्याला सांगितलं, सकाळी ये आणि उन्हात बघ.

पर्लचे ग्रॅम, हवेचा दाब, किती हात, किती लांबून, हे सगळं वहीत उतरवलं. गाडी पडली तर याच आकड्यांवर पुन्हा जुळवावं लागेल, आणि तरीही तंतोतंत जुळत नाही. म्हणून गिऱ्हाइकाला एवढंच सांगणं : महिनाभर वॅक्स लावू नका, पंपावर पेट्रोल सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, टाकीवर किल्ल्यांचा जुडगा ठेवू नका. आणि जे दिसत नाही त्याचे पैसे कसले, असं ज्यांना वाटतं त्यांनी साधा काळा मारून घ्यावा. तोही मी मारतो, निम्म्याहून कमी पैशांत.