आधी कणीक मळ

मिरजेला बाहेरगावची माणसं दोन कामांसाठी येत, बरं व्हायला आणि गाणं शिकायला. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर दोन्ही कामांसाठी इथेच राहिले. लहानपणी फटाक्यानं डोळ्यांना इजा झाली म्हणून ते उपचारांसाठी मिरजेला आले. दृष्टी काही पूर्ववत झाली नाही, पण डॉक्टर भडभड्यांच्या सांगण्यावरून ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला लागले आणि १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. मिरजेतलं डॉ. विल्यम वान्लेस यांचं हॉस्पिटल १८९४ पासूनचं. गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांना इथल्याच मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं, आणि दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या आठवणीसाठी अजूनही गाणं होतं. एका गल्लीत तंबोऱ्यांचे भोपळे वाळत ठेवलेले, आणि तिथून थोडं पुढं गेलं की डबे, थर्मास, सतरंज्या घेऊन बसलेले पेशंटांचे नातेवाईक. माझं लहानपण या दोन्हींच्या मधे गेलं. त्यामुळे आजारी माणसं आणि नुकती बरी झालेली माणसं आम्हा पोरांना रोज दिसत.

बरी होत असलेली माणसं दिसणं, हे आता किती कमी झालंय! वाड्याच्या कट्ट्यावर कुणी ना कुणी दुखण्यातून उठलेलं बसलेलंच असे. मुदतीचा ताप उतरलेला, केस गळून विरळ झालेला शाळकरी मुलगा. काविळीतून उठलेले मास्तर, ज्यांच्या हातात उसाचा तुकडा असायचा. कांजिण्या येऊन गेलेली मुलगी, कडुनिंबाच्या पाण्यानं अंघोळ घालून उन्हात बसवलेली. खांद्यावर शाल, डोक्याला रुमाल, पायात मोजे, एवढ्यावरून ओळखू येई. त्या माणसाला कुणी काम सांगत नसे आणि एकटंही सोडत नसे. जाता-येता लोक थांबत. ‘आज जेवलास का रे?’ एवढंच विचारत. जेवलास म्हणजे मऊ भात, मेतकूट, वर साजूक तूप. त्याआधीचे दिवस लाह्यांच्या पाण्यावर आणि साबुदाण्याच्या पेजेवर काढलेले. पोळीला परवानगी मिळाली की शेजारच्या घरापर्यंत बातमी जायची.

डॉक्टरांकडून येणाऱ्या औषधाच्या बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली असे. एक कंगोरा म्हणजे एक डोस. कंपाउंडर ती पट्टी कात्रीनं झरझर कातरायचा. आमची आई तांबडं औषध ओतताना बाटली डोळ्यांसमोर धरून कंगोऱ्याशी पातळी जुळवायची. बाटली रिकामी होत जाताना बरं होणंसुद्धा पट्टीवर दिसत असे.

आमचे धाकटे काका रेल्वेत होते आणि भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. १९६४ च्या सुमाराला त्यांना क्षय झाला. घरात आजाराचं नाव घेत नसत, ‘छातीचं दुखणं’ म्हणत. त्यांना वान्लेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये ठेवलं. मी वडिलांबरोबर सायकलच्या दांडीवर बसून जायची, पण मला फाटकाशीच थांबवत. लांबून दिसत त्या उघड्या व्हरांड्यातल्या पांढऱ्या चादरींच्या खाटा. थंडीतसुद्धा पेशंट बाहेरच. भरपूर हवा, दूध, अंडी, आणि काहीही न करता पडून राहणं, हाच पूर्वापार चालत आलेला उपचार. काकांच्या वेळेपर्यंत औषधं आली होती. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं होती, आयसोनियाझिडच्या गोळ्या होत्या आणि पास नावाच्या औषधाचा कडू ढीग होता. तो घशाखाली उतरवताना मोठी माणसं रडकुंडीला येत, असं काका सांगायचे. वॉर्डातल्या जुन्या पेशंटांनी त्याही आधीचे दिवस पाहिलेले होते. फासळ्यांमधून सुई घालून फुप्फुसाभोवती हवा भरायची, म्हणजे आजारी फुप्फुस दबून विसावा घेतं. ही हवा जिरून गेली की पुन्हा भरायची.

खरं तर तोवर मद्रासला झालेल्या एका अभ्यासानं दाखवून दिलं होतं, की औषधं नीट घेतली तर घरी राहूनही पेशंट सॅनेटोरियममधल्याइतकाच बरा होतो, आणि त्यामुळे घरच्यांना जास्तीचा धोका पोहोचत नाही. तो अभ्यास १९५६ साली सुरू झाला, १९५९ ला प्रसिद्ध झाला. आमच्या घरापर्यंत मात्र ती गोष्ट पोहोचली नव्हती. थुंकी निगेटिव्ह आली, काका घरी आले, तरी त्यांचं ताट वेगळं, पेला वेगळा, तो ठेवायचा कोनाडाही वेगळा. आजीनं कितीतरी वर्षं तो पेला राखेनं घासून बाजूला पालथा घातला. काकांच्या मांडीवर बसायला मला बंदी होती. जुन्या काळाबद्दल मला कितीही ओढ वाटली तरी तो कोनाडा मला परत नको आहे.

मला हवी आहे ती दुखण्यानंतरची त्यांची भजनातली पहिली एकादशी. काका देवळाच्या पायऱ्या चढून आले आणि दारातच उभे राहिले. आत त्यांच्या जागेवर एक कोवळा मुलगा पखवाज मांडीपुढे घेऊन बसला होता. काकांना बघून तो उठायला लागला. मंडळाच्या बुवांनी हातानंच त्याला खाली बसवलं आणि काकांना म्हणाले, ‘आलास व्हय? ये. बस हितं. आधी कणीक मळ.’

पखवाजाच्या डाव्या तोंडाला, धुमाला, गव्हाची ओली कणीक लावतात. उजव्या अंगाला शाई कायमची असते. डावीकडची कणीक मात्र वाजवायच्या वेळी लावायची आणि झालं की खरवडून काढायची. पखवाजाचा घुमारा तिच्यावर असतो. कणीक घट्ट झाली तर आवाज कोरडा येतो, सैल झाली तर बसका. काकांनी परातीत मूठभर कणीक घेतली, पाण्याचा हबका मारत मळली, बोटाला चिकटेनाशी झाल्यावर तिची पुरीएवढी चकती थापली आणि धुमाच्या मधोमध बसवली. अंगठ्यानं कडा दाबत दाबत आणल्या. मुलानं थाप मारली. काकांनी मान हलवली, चिमूटभर काढून घेतली. पुन्हा थाप. मग हुंकार भरल्यासारखा तो आवाज देवळात फिरला आणि भजन सुरू झालं. काका त्या रात्री एवढंच करून, अर्ध्या भजनातून उठून घरी आले. त्यांना अडवलं नाही की थांब म्हटलं नाही कुणी.

पुढचे बरेच महिने असंच चाललं. कणीक मळायची, गट्टे ठोकून पखवाज सुरात आणून द्यायचा, मुलाचा हात चुकला तर खुणेनं दाखवायचं. मग एखाद्या अभंगाला टाळ. मग एखादा अभंग पखवाजावर, तोही संथ चालीचा. त्यांचा दम कुठं संपतो हे बुवांना त्यांच्या खांद्यांवरून कळायचं. ते पुढचा अभंग घेताना आपणच मुलाकडे बघायचे. आषाढीच्या आधी काका छोट्या रेल्वेनं पंढरपूरला जाऊन आले. तेव्हा मिरज-पंढरपूर गाडी नॅरोगेजची होती, वारकऱ्यांनी ठासून भरलेली. आल्यावर त्यांनी एकादशीला रात्रभर पखवाज वाजवला. तो मुलगा त्यांच्या शेजारी बसून होता, आणि आता कणीक तो मळत होता.

हे सगळं पुरुषांचं झालं. आमच्या आईला मुदतीचा ताप आला तेव्हा ताप उतरल्याच्या आठवड्यातच ती चुलीपुढे होती, भिंतीला पाठ टेकून भाकरी थापत. बाईच्या वाट्याला हक्काची विश्रांती यायची ती बाळंतपणात, खोलीत शेगडी आणि डिंकाचे लाडू घेऊन. एरवीच्या दुखण्यात नाही. शेजारच्या एक काकू छातीतली गाठ पदराआड लपवून होत्या. कळलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. म्हणून मी सगळ्या जुन्याचे गोडवे गाऊ शकत नाही.

मला त्या काकूंचाच आजार झाला तेव्हा काळ पार बदललेला होता. डॉक्टरांनी माझ्यासमोर, मलाच, कॅन्सर म्हणून सांगितलं. ऑपरेशन झालं, थोड्याच दिवसांत घरी आले. केमोथेरपी डे-केअरला: सकाळी जायचं, आराम-खुर्चीत सलाइन लावून पडायचं, संध्याकाळी आपल्या घरी. माझ्या शेजारच्या खुर्चीत जत तालुक्यातल्या एक शेतकरी बाई असायच्या. त्यांचा सगळा खर्च महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेतून होत होता. त्या पदर न सावरता, मोठ्यानं, आपल्या गाठीची सगळी हकिगत सांगायच्या. शेजारच्या काकूंची मला तिथं फार आठवण यायची.

आमचं महिलांचं भजनी मंडळ आहे. त्या बायांनी माझ्या डब्याची पाळी लावली. फोनवर यादी फिरायची आणि वेळेला डबा दारात यायचा, तोही माझं पथ्य विचारून. असं प्रेम मिळायला भाग्य लागतं, आणि मला ते मिळालं. केस बोटभर वाढल्यावर मी मंडळात गेले तर शाल, श्रीफळ, टाळ्या, फोटो. एकजण म्हणाली, ‘आमच्या ताई फायटर आहेत!’ आणि लगेच टाळ माझ्या हातात दिले. गजर सुरू झाला.

माझ्या काखेतल्या गाठी काढलेल्या होत्या. त्या काढल्या की हातातली लसिका वाहून जायला वाट अपुरी पडते, हात सुजू शकतो; म्हणून त्या हाताचं काम बंद ठेवायचं नसतं, पण हळूहळू वाढवायचं असतं. भिंतीवरून बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम मी रोज करत होते. शिवाय केमोनंतरचा थकवा महिनोन्‌महिने रेंगाळतो. झोप काढूनही तो जात नाही. गजराचे टाळ खांद्याच्या वर घेऊन, उड्या घेत वाजवायचे. दुसऱ्या अभंगाला माझा हात खाली आला. सगळ्या घाबरल्या, पाणी आणलं, पंखा लावला.

त्यांना कसं कळावं? मी त्यांना आजारी असताना फोनवर दिसले, टोपी घालून हसणारी, आणि मग एकदम बरी झालेली दिसले. मधली मी कुणालाच दिसले नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, दार लावून, मी भिंतीवर बोटं चालवत होते. वाड्याला कट्टा होता. काकांना सगळ्या गल्लीनं रोज पाहिलं होतं, आधी उंबऱ्यापर्यंत, मग आडापर्यंत, मग कोपऱ्यावरच्या पारापर्यंत. बुवा काही वैद्यकी शिकलेले नव्हते. त्यांनी जन्मभर अशी माणसं उठताना बघितली होती, म्हणून परातीचं काम कुणाच्या हातात द्यायचं ते त्यांना कळत होतं. आजच्या माणसांत माया कमी झाली असं म्हणणाऱ्यांशी मी भांडेन. माया आहे, बरं होणं बघायची सवय मात्र गेली. माझ्या पुतण्याला डेंग्यू झाला, प्लेटलेट वर आल्या, घरी सोडलं, आणि दोन दिवसांत तो लॅपटॉप उघडून बसला. ऑफिसातल्यांना पडद्यावर त्याचा चेहरा दिसत होता, त्याचे लटपटणारे पाय दिसत नव्हते. रिपोर्ट नॉर्मल आला की माणूस नॉर्मल, असा हिशोब होऊन बसलाय, आणि तो मोडायला हवा असं मला कळकळीनं वाटतं.

मी मंडळात सांगून टाकलं, की मला सध्या नुसतं बसू द्या, अभंगांची वही माझ्याकडे द्या, मी पानं काढून देते. लगेच हो म्हणाल्या सगळ्या. दोघींनी तर मागाहून मला बाजूला घेऊन सांगितलं, की गर्भाशयाचं ऑपरेशन झाल्यावर आम्हालाही असंच वाटत होतं, पण बोलता आलं नाही. त्या दिवसापासून मंडळात हे ठरूनच गेलंय. आजारातून उठून आलेलीला शाल नाही, फोटो नाही. तिनं भिंतीला टेकून बसायचं, वही धरायची, मधेच उठून जायचं. टाळ तिनं मागितले तरच द्यायचे.

सध्या वही माझ्याकडे नाही. मंडळातल्या एकीच्या सुनेला टीबी निघाला. तिला रोज वजनाप्रमाणे गोळ्या आहेत. चार औषधांच्या दोन महिने, मग तीन औषधांच्या चार महिने. सरकारकडून निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळायचे, ते २०२४ च्या नोव्हेंबरपासून १००० झाले. त्यातून तिची सासू तिला अंडी आणि शेंगदाण्याचे लाडू करून घालते. सुरुवातीला एकदोघी कुजबुजल्या. मी सासूला घेऊन तिच्या डॉक्टरांकडे गेले आणि विचारून आले. औषधं लागू पडली आणि नेमानं चालू राहिली, की साधारण दोन आठवड्यांत संसर्गाची भीती फार कमी होते, आणि ही मुलगी तर त्याच्या कितीतरी पुढं गेलेली. ते मी मंडळात सगळ्यांसमोर सांगितलं. आता ती येते, सगळ्यांच्या मधे बसते, प्रसादाचा शिरा सगळ्यांसारख्याच वाटीतून खाते. पानं काढून देते. आवाज गोड आहे तिचा, पण अजून दम पुरत नाही, धृपदाला तेवढी साथ करते. आषाढीपर्यंत तिच्या गोळ्या संपतील. त्यानंतर तिला एक अभंग द्यायचा, संथ चालीचा, असं पेटीवालीचं आणि माझं बोलणं झालंय. कुठला, ते तिलाच निवडू द्यायचं आहे.