छोट्या लॅपटॉपवर लिनक्स टाकल्यानंतर

माझी भाची लातूरला राहून नीटची तयारी करते. लेक्चरं रेकॉर्ड केलेली असतात, प्रश्नसंच पीडीएफमध्ये येतात, आणि हे सगळं ती मोबाइलवर बघत होती. २०२५ च्या दिवाळीत ती मुखेडला आली तेव्हा तिचे डोळे लाल झालेले होते. नवा लॅपटॉप घ्यायची घरात सोय नव्हती. त्या वर्षी ऑगस्टच्या १७-१८ तारखेला आमच्या तालुक्यात जो पाऊस झाला, त्यात रावणगाव, हसनाळकडच्या गावांत पूर शिरून लोकांचं जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं. बहिणीचं शेत त्या बाजूला नाही, पण सोयाबीन पाण्यात राहून कुजलं. पैशांचा विषय मी तिच्यापुढे काढलाच नाही.

माझ्या कपाटात २०१६ साली घेतलेला ११.६ इंची लॅपटॉप पडून होता. रॅम २ जीबी, साठवण ३२ जीबी. विंडोज १० नं त्यातली बहुतेक जागा व्यापलेली, अपडेट उतरवायलाही जागा नाही. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत संपली. नांदेडच्या एका दुकानात विचारलं, तर रॅम बोर्डावरच जोडलेली आहे, वाढत नाही, भंगारात द्या म्हणाले. रॅमचं त्यांचं बरोबर होतं. पण पडदा चांगला होता, बॅटरी टिकत होती, कीबोर्ड धड होता. भंगारात द्यायला मन होईना. मग विंडोज काढून त्यावर लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं ठरवलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. संगणकाचं शिक्षण एमएस-सीआयटीपुरतं. त्यामुळे पुढं जे सांगतोय ते कुणालाही जमेल असं आहे. फक्त सुट्टी हाताशी असताना करावं.

सुरुवातीला जुने फोटो आणि शाळेच्या फाइली एका हार्डडिस्कवर काढून घेतल्या. विंडोजमध्येच रिकव्हरी ड्राइव्ह बनवायची सोय असते, तोही एका वेगळ्या पेनड्राइव्हवर करून ठेवला. नंतर काही बिघडलं तर परत मागं जाता आलं पाहिजे.

पहिली अडचण लिनक्स टाकायच्या आधीच आली. ओळखीच्या एका पोरानं जे लिनक्स सुचवलं त्याचा पेनड्राइव्ह तयार केला, लावला, पण लॅपटॉप त्याच्याकडं बघेना. बूटच्या यादीत नावच नाही. पेनड्राइव्ह बदलला, दुसऱ्या पोर्टात लावला, बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केलं. तरी तेच. कारण वेगळंच होतं. या काळातल्या बऱ्याच स्वस्त लॅपटॉपांत ॲटम जातीचा प्रोसेसर असतो. आमच्यात झेड३७३५एफ आहे. तो ६४ बिटचा, पण लॅपटॉप सुरू करणारं आतलं फर्मवेअर मात्र ३२ बिटचं. ते पेनड्राइव्हवर ३२ बिटची बूट फाइल शोधतं. बऱ्याच लिनक्सच्या पेनड्राइव्हवर फक्त ६४ बिटची असते. म्हणून पेनड्राइव्ह चांगला असूनही लॅपटॉपला तो रिकामाच वाटतो.

डेबियन नावाच्या लिनक्सनं १२ व्या आवृत्तीपासून नेहमीच्या ६४ बिटच्या फाइलीतच या दोन्ही बूट फाइली घातल्या आहेत. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं होतं. त्याची छोटी, नेटइन्स्ट नावाची फाइल उतरवली, रुफस या प्रोग्रॅमनं पेनड्राइव्हवर लिहिली, आणि लावल्याबरोबर निळा मेनू समोर आला. भाची शेजारीच बसलेली. "मामा, आलं की!" म्हणाली. मलाही बरं वाटलं.

इथं एक सांगतो, कारण इथं चूक झाली तर नुकसान मोठं आहे. कुठल्या डिस्कवर टाकायचं असं विचारतात तेव्हा यादीत एसडीए नावाचं जे दिसतं तो आपला पेनड्राइव्ह असतो. लॅपटॉपची आतली साठवण ही साधी हार्डडिस्क नसून ईएमएमसी असते, तिचं नाव एमएमसीबीएलके० असं येतं. त्याच नावापुढं बूट०, बूट१ लावलेले दोन चिमुकले तुकडेही दिसतात. त्यांना हात लावायचा नाही. आकार बघून ठरवावं. ३२ जीबीच्या आसपासची तीच आपली.

इन्स्टॉल होताना वायफाय दिसलं नाही. मोबाइल केबलनं जोडला आणि यूएसबी टेदरिंग चालू केलं. लिनक्सला त्यासाठी वेगळं काही लागत नाही, मोबाइल सरळ नेटवर्कच्या तारेसारखा ओळखला जातो. या सगळ्या खटाटोपात एकच गोष्ट शिकून ठेवायची असेल तर ही. वायफाय चालत नाही म्हणून इंटरनेट नाही, इंटरनेट नाही म्हणून वायफायचं फर्मवेअर उतरत नाही, या फेऱ्यातून केबल बाहेर काढते. फक्त डेटा किती खर्च होतो त्याकडं लक्ष ठेवावं. डेस्कटॉप म्हणून मी हलकं एक्सएफसीई निवडलं. दीड-दोन तास लागले. मध्ये लाइट गेली, पण बॅटरी चार्ज होती. बॅटरी भरल्याशिवाय हे काम सुरू करू नये.

सुरू झाल्यावर पडदा छान दिसला, टचपॅड चाललं. वायफाय मात्र अजून नव्हतं. आता कुठला चिप आहे ते कळायला पाहिजे. सगळीकडं सांगतात की एलएसपीसीआय आणि एलएसयूएसबी या कमांड चालवा. दोन्ही चालवल्या, दोन्हींत वायफायचं नावही नाही. मला वाटलं, वायफायचा भागच मेला. संध्याकाळ त्या विचारात गेली. तसं नव्हतं. या छोट्या लॅपटॉपांत वायफायचा चिप मेमरी कार्ड ज्या मार्गानं जोडतात त्या एसडीआयओ नावाच्या मार्गानं जोडलेला असतो, म्हणून त्या दोन याद्यांत तो येतच नाही. सुडो लावून डीमेसेज कमांड चालवली आणि त्यात फर्मवेअर हा शब्द शोधला. तिथं लिहिलेलंच होतं: आरटीएल८७२३बीएस, आणि त्याला हवी असलेली फाइल सापडली नाही म्हणून. 'फर्मवेअर-रियलटेक' नावाचं पॅकेज टाकलं, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, घरातलं वायफाय दिसायला लागलं.

हा चिप लिनक्सवर चालतो त्यामागं कुणाची तरी मेहनत आहे, ते मला नंतर वाचताना कळलं. नेदरलँड्सचे हान्स दे खुदे नावाचे एक प्रोग्रॅमर आहेत. या असल्या स्वस्त टॅबलेट-लॅपटॉपांचे भाग लिनक्सवर चालावेत म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं काम केलंय. या वायफायचा ड्रायव्हर २०१७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये गेला, त्यात त्यांचा हात होता. कुठलं नेदरलँड्स आणि कुठलं मुखेड. त्या माणसाचे आभार मानावेत असं मला मनापासून वाटलं, म्हणून इथं नाव लिहिलं.

वायफाय आलं, पण टिकेना. वीस-पंचवीस मिनिटांनी संथ व्हायचं, मग तुटायचं. वीज वाचवण्यासाठी चिप मधेमधे झोपतो, त्याचा हा त्रास. नेटवर्क मॅनेजरच्या सेटिंगांत एक छोटी फाइल करून वायफायचं पॉवरसेव्ह बंद केलं. तिथं २ हा आकडा लिहायचा असतो, त्याचा अर्थ 'बंद'. ३ लिहिलं तर चालू होतं. त्यानंतर तक्रार राहिली नाही. सिग्नल मोबाइलइतका ओढत नाही, हे मात्र खरं. राउटरपासून दोन खोल्या पलीकडं गेलं की पट्ट्या कमी होतात.

"मामा, आवाज कामून येईना?" हा पुढचा प्रश्न. आवाजाच्या चिन्हावर गेलं की 'डमी आउटपुट' एवढंच दिसत होतं. स्पीकर फुटलेला नव्हता, विंडोजवर वाजत होता. पुन्हा डीमेसेज. यात आवाजासाठी प्रोसेसरमध्येच एक वेगळा छोटा भाग असतो, आणि त्याला त्याचं स्वतःचं फर्मवेअर लागतं. 'फर्मवेअर-इंटेल-साउंड' टाकलं. 'अल्सा-यूसीएम-कॉन्फ' आहे का तेही तपासलं. आवाज कुठल्या वाटेनं स्पीकरकडं जायचा आणि कुठल्या वाटेनं हेडफोनकडं, ते त्यात लिहिलेलं असतं. पुन्हा सुरू केल्यावर आवाज आला. आतला माइक फार हळू घेतो, तो अजून तसाच आहे. फोनवरचे हेडफोन लावले की काम भागतं.

सगळ्यात जास्त घाबरवलं ते गोठण्यानं. लेक्चर चालू असताना पडदा आहे तिथं थांबायचा. माउस हलेना, कीबोर्ड चालेना, बटण दाबून धरून बंद करावं लागायचं. कधी अर्ध्या तासात, कधी अख्खा दिवस काहीच नाही. भाची म्हणाली, "राहू द्या मामा, मोबाइलवरच बघते." ते ऐकून मला फार वाईट वाटलं. त्या रात्री मी बराच वेळ वाचत बसलो.

या पिढीच्या ॲटम प्रोसेसरांचं हे जुनं दुखणं आहे. काम नसताना प्रोसेसर खोल विश्रांतीत जातो आणि कधीकधी त्यातून बाहेरच येत नाही. नव्या कर्नेलांत ते बरंच कमी झालंय, पण सगळ्याच लॅपटॉपांत गेलेलं नाही. उपाय असा की त्याला खोल विश्रांतीत जाऊच द्यायचं नाही. त्यासाठी कर्नेलला एक सूचना द्यायची: इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१. ही इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहायची. आधी कायमची करू नये. लॅपटॉप सुरू होताना ग्रब नावाच्या बूट प्रोग्रॅमचा मेनू येतो, तिथं ई दाबून लिनक्स या शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ती लिहावी आणि एफ१० दाबावं. ती तेवढ्या वेळेपुरतीच लागू होते. चुकली तरी पुढच्या वेळी लॅपटॉप पहिल्यासारखा सुरू होतो. मी तशी लिहून दोन दिवस लेक्चरं लावून ठेवली. एकदाही गोठला नाही. मग ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये कायमची घातली आणि अपडेट-ग्रब चालवलं. बॅटरी आता तासभर कमी चालते. ते आम्हाला परवडतं.

२ जीबी रॅमचा प्रश्न गोठण्यापेक्षा वेगळा आहे, दोन्हींत गल्लत होते. रॅम भरली की लॅपटॉप कण्हत चालतो, पण माउस थोडाफार हलतो. त्यासाठी 'झेडरॅम-टूल्स' टाकलं. रॅममधला मजकूर रॅममध्येच दाबून बसवायचं काम ते करतं. त्याच्या सेटिंगमध्ये प्रमाण वाढवून निम्म्या रॅमएवढं केलं. तरी ब्राउझरमध्ये तीन-चार टॅबच्या वर जाऊ नये.

व्हिडिओही अडखळत होते. यूट्यूब बऱ्याचदा व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या पद्धतीनं व्हिडिओ पाठवतं, आणि ते उलगडायची सोय या जुन्या प्रोसेसरच्या ग्राफिक्समध्ये नाही. सगळा भार मग मुख्य प्रोसेसरवर पडतो. एच.२६४ ची सोय मात्र आहे. यूट्यूबला एच.२६४ च द्यायला लावणारं एक एक्स्टेन्शन फायरफॉक्समध्ये टाकलं आणि व्हिडिओ ४८० वर ठेवला. क्लासनं दिलेल्या फाइली ती व्हीएलसीत बघते, त्या अडखळतच नाहीत.

झाकण मिटून ठेवलं की लॅपटॉप झोपायचा, पण आतल्या आत बॅटरी खायचा. सकाळी उघडावा तर बंद. झाकण मिटलं की पूर्ण बंदच व्हावा असं सेटिंग केलं. ईएमएमसी असल्यानं सुरू व्हायला फार वेळ लागत नाही. बॅटरी पार संपली की घड्याळ मागच्या कुठल्या तरी वर्षात जातं आणि सगळ्या वेबसाइट प्रमाणपत्र चुकीचं आहे म्हणून अडवतात. असं दिसलं तर घाबरू नये, आधी तारीख बघावी.

मराठी टंकनाला त्रास झाला नाही. कीबोर्डच्या यादीत मराठी इन्स्क्रिप्ट आधीपासूनच आहे. शाळेच्या जुन्या कृतिदेवमधल्या फाइली मात्र तो फाँट नसेल तर वाचता येत नाहीत, त्या युनिकोडमध्ये बदलून घेतलेल्या बऱ्या.

सुट्टी संपताना भाची लॅपटॉप पिशवीत घालून एसटीनं लातूरला गेली. मी एका वहीच्या पानावर चिपांचे नंबर, टाकलेली पॅकेजं आणि बदललेल्या फाइलींची नावं लिहून तिच्याजवळ दिली. परत कधी लिनक्स टाकायची वेळ आली तर पहिल्यापासून शोधायला नको. आठवड्यानं तिचा फोन आला, होस्टेलचं वायफाय जोडतंय पण काही उघडत नाही. तिथं आधी एक लॉगिनचं पान येतं, ते येत नव्हतं. ब्राउझरमध्ये एस नसलेला, नुसत्या एचटीटीपीनं सुरू होणारा कुठलाही पत्ता टाकायला सांगितलं. पान आलं.

आता शेजारच्या गुरुजींनी त्यांच्या मुलाचा तसलाच लॅपटॉप आणून दिलाय. त्यात पडदाही बोटानं चालणारा आहे आणि आवाजाचा चिप ईएस८३१६ निघालाय. आवाजाचं फर्मवेअर त्याच पॅकेजमध्ये आहे, ते टाकून झालं. स्पर्श अजून उलट्या बाजूला उमटतो, त्याचं या रविवारी बघायचं आहे.