एकच आंकडा

आमचा धाकटा पुतण्या कॅनडांत भूगर्भांतील तेलाचें संख्याशास्त्र शिकतो, हें घरांत सर्वांस ठाऊक होतें. पण तो करतो तरी काय, हें विचारण्यास कोणास सवड झाली नव्हती. गणपतीस तो घरीं आला, तेव्हां रात्रीं माजघरांत मीं तो विषय काढला.

"काका, सासकॅचेवान प्रांतांत वेबर्न नांवाचें तेलक्षेत्र १९५४ सालीं सांपडलें. आपोआप येणारें तेल ओसरलें, तेव्हां १९६४ पासून खडकांत पाणी भरूं लागले. तरी बरेंच तेल बारीक छिद्रांत चिकटून राहिलें. म्हणून २००० सालापासून अमेरिकेच्या उत्तर डाकोटा राज्यांतील एका कारखान्यांतून कार्बन डायऑक्साइड वायु तीनशें किलोमीटरांहून लांब नळानें आणून खालीं सोडतात. पुरेशा दाबाखालीं तो तेलांत मिसळतो. तेल फुगतें, पातळ होतें आणि विहिरीकडे वाहूं लागतें."

"मग अशानें तेल किती निघेल?" मीं विचारलें.

तो हंसला. "एकच आंकडा मागूं नका. विहिरी पाडल्या तेथलीच माहिती हातीं असते, मधला खडक कोणी पाहिलेला नाहीं. आम्ही संगणकावर त्याचीं शेंकडों संभाव्य चित्रें मांडतों आणि मागील उत्पन्नाशीं जीं जुळत नाहींत तीं टाकतों. उरलेल्यांचीं उत्तरेंही निरनिराळीं येतात. इतक्यापासून इतक्यापर्यंत, असेंच सांगतां येतें."

"आणि तो वायु पुन्हां वर आला तर?" त्याच्या काकूनें विचारलें.

"कांहीं तेलाबरोबर येतोच, काकू. तो वेगळा करून परत आंत सोडतात. खालीं किती राहील, त्याचाही असाच अंदाज करावा लागतो. शिवाय तें तेल जाळल्यावर होणारा धूर हिशेबांत धरलाच पाहिजे."

हें कसलें शास्त्र, असें क्षणभर मनांत आलें. आणि लगेच वडिलांची विहीर आठवली. पाणाड्यानें बारा हातांवर पाणी आहे, असें छातीठोक सांगितलें होतें. आईच्या पाटल्या मोडल्या, तीस हात खणलें, आणि कोरडा खडक लागला. आई त्याविषयीं कधीं बोलली नाहीं. पण तिच्या हातांत पुढें शेवटपर्यंत कांचेच्या बांगड्याच राहिल्या. "कदाचित् लागणारही नाहीं," एवढें कोणी म्हटलें असतें, तर वडिलांनीं निदान एक पाटली ठेवली असती.

सकाळीं गांवाहून निरोप आला : शेतांत बोअर घ्या, दोनशें फुटांवर पाणी नक्की आहे. मीं उलट विचारलें, "नाहीं लागलें तर किती रुपये जातील, तें आधीं सांगा."