एकावन्न

आमच्या घराण्यात फासे या वस्तूला चांगलं नाव नाही. लहानपणी दुपारी आजी सारीपाट काढायची, तेव्हासुद्धा युधिष्ठिराचं काय झालं ते आधी सांगायची आणि मगच खेळायला बसू द्यायची. पुढे मी बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, आणि गेली बावीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजून संध्याकाळी जिथल्या तिथे परत ठेवतो आहे. अशा माणसाने मे महिन्यातल्या रविवारी, आमरसावरच्या झोपेवर पाणी सोडून, फासे टाकायला बसावं, म्हणजे कारणही तसंच असलं पाहिजे.

कारण होतं आमच्या कन्येचा बारावीचा निकाल. ५१ टक्के. त्याच दिवशी आमच्या कॅशियरने चिरंजीवांच्या ९३ टक्क्यांचे पेढे वाटले. मी एक खाल्ला, एक खिशात टाकला, आणि रात्री पानावर बसल्यावर बोलून गेलो, "अगं, यात काय होणार तुझं?"

वाक्य तसं साधं होतं. अपुरे कागद घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला मी थोड्याफार फरकाने रोज हेच म्हणतो. पण गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत येतं. मुलगी आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. मिठाची वाटी माझ्या हाताशी असली तर आईला म्हणायची, "त्यांना मीठ सरकवायला सांग."

तर त्या रविवारी तिचा कंपू हॉलमध्ये जमला होता. एक भिडू मावशीच्या लग्नाला गेला म्हणून जागा रिकामी. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "बसा जरा मुलांत. घोरून तरी काय करणार आहात?" बसलो.

खेळाचं नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. ना पत्ते, ना कॅरम. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे एकेका पात्राचं सोंग घेऊन "मी दार ढकलतो", "मी पळतो" असं म्हणतात, आणि ते जमलं की नाही हे फासे ठरवतात. थोडक्यात, निम्मं कीर्तन आणि निम्मी खतावणी. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो काढला. पैकी गायगॅक्स पूर्वी शिकागोला विमा कंपनीत नोकरीला होता, हे कळल्यावर माझा जीव भांड्यात पडला. टेबलाशी बसून कोष्टकं चाळणाराच असलं काही काढू जाणे!

पात्र घडवायचं तर आधी त्याचे सहा गुण ठरवावे लागतात. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. बुद्धी आणि शहाणपण वेगवेगळे मोजतात हे मला फार पटलं. आमच्या बढतीच्या परीक्षेत ही सोय अजून झालेली नाही. हल्ली म्हणे प्रत्येक गुणासाठी चार फासे टाकून सगळ्यात लहान आकडा सोडून देतात. पण सूत्रधार होती आमची कन्या. ती मैत्रिणीकडे बघत म्हणाली, "त्यांना जुनी पद्धत. तीन फासे, आणि पडेल ते त्याच क्रमाने."

मी फासे कपाळाला लावून टाकले. ताकद ७. चपळाई ८. काटकपणा १०. बुद्धी ९. शहाणपण ११. छाप ६. तीन फाशांची सरासरी साडेदहा येते, म्हणजे सहांचे मिळून ६३ तरी व्हायला हवेत. उभ्या आकड्यांची बेरीज केल्याशिवाय माझ्या हाताला चैन पडत नाही. मी कागदाच्या कोपऱ्यात बेरीज मांडली. ५१. (हा योगायोग मी रचलेला नाही. फाशांना विचारा.)

कन्येने कागद फिरवून घेतला, बेरीज पाहिली, आणि आठ दिवसांनी प्रथमच माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "बाबा, यात काय होणार तुमचं?"

हॉलमध्ये पंख्याचा तेवढा आवाज. चष्मिष्ट पोरगा दयाळू होता. म्हणाला, "काका, २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत सगळ्यात मोठा आकडा १३ च्या वर नसला तर पुन्हा टाकता यायचे." माझी मान वर झाली. "आपण पाचवी खेळतो," कन्या म्हणाली. फेरतपासणीचा अर्ज खिडकीवरच फेटाळला गेला.

पण मग तिने खुर्ची जवळ ओढली. मुळात आकडा स्वतः फारसा कामाला येतच नाही, तिने सांगितलं. १० आणि ११ ला शून्य. ८-९ ला उणे एक, ६-७ ला उणे दोन, आणि १२-१३ ला अधिक एक. वीस बाजूंच्या फाशात मिळवायचं किंवा वजा करायचं ते एवढंच. "म्हणजे स्लॅब!" मी ओरडलो. व्याजाच्या दरांनी आमची हाडं मुरलेली. माणसाच्या जातीचं पात्र घेतलं तर प्रत्येक गुणात एकेक वाढतो, हे तिच्या तोंडून निघायचा अवकाश, मी पेन्सिल घेतली. ७ चे ८, ९ चे १०, ११ चे १२. तिन्ही आकडे विषम, तिन्ही वरच्या स्लॅबमध्ये! एकूण तूट उणे सहावरून उणे तीनवर. हातात नाममात्र सहा गुण देऊन निम्मी तूट भरून काढणारा ताळेबंद मी बावीस वर्षांत पाहिला नव्हता. कन्या कागदाकडे बघत राहिली. "हे माझ्या नाही लक्षात आलं," ती म्हणाली.

"आता पेशा. तुमचा कच्चा आकडा जिथे कुणी विचारतच नाही, असं काम शोधायचं." तिने मला पुरोहित केलं. त्यातही रोग्याला बरं करणारा, कारण त्याला जड चिलखत घालता येतं आणि जड चिलखत चपळाई विचारत नाही. कड्यांचं चिलखत १६, वर ढाल २. माझं संरक्षण १८, कंपूत सगळ्यात जास्त. मात्र चिलखताला ताकद लागते १३ आणि माझी ८, म्हणून चाल तीस फुटांवरून वीस फुटांवर आली. पासबुक भरून देण्याचा वेग. त्याची मला सवय आहे. शिवाय एक मंत्र मिळाला, आशीर्वाद. तीन सोबत्यांनी वार केला की त्यांच्या फाशात चार बाजूंच्या फाशाची भर पडते. देणाऱ्याचं शहाणपण किती, हे त्या मंत्रात कुठेच येत नाही.

पुलाखाली गॉब्लिन नावाचे खुजे दरोडेखोर दबा धरून होते. माझी गदा पहिल्याच फटक्याला पुलाच्या खांबावर बसली. मग मी मागे उभा राहून तिघांना आशीर्वाद दिला. कंपूतली १७ ताकदीची योद्धी पुढे झाली. फाशावर पडले ८, तिचे वरचे ५, मिळून १३. गॉब्लिनला लागायला हवे होते १५. "गेला वार," ती पुटपुटली. "आशीर्वाद राहिला की!" मी म्हणालो. हिशेबात जमा राहून गेली तर मला झोप लागत नाही. तिने तो छोटा टोकदार फासा टाकला. २.

"काका!" असं चौघं एकदम ओरडली. ही झारा हातात घेऊन बाहेर आली. सूत्रधाराला पक्ष घेता येत नाही, तरी तिने गॉब्लिन जरा जास्तच रंगवून मारला असं मला वाटलं.

सोमवारी रात्री कन्या मोबाइलवर कॉलेजचा अर्ज भरत होती. टक्क्यांच्या रकान्यापाशी तिचं बोट थांबलं. मी पेपर वाचत असल्याचं दाखवत होतो.

"टाक आकडा," मी म्हणालो. "पुढे काय विचारलंय?"

"वडिलांचा व्यवसाय."

"पुरोहित लिही. चिलखतासह."

तिने 'बँक' असंच लिहिलं. पण मिठाची वाटी मागायची असल्यासारखा हात पुढे केला आणि म्हणाली, "बाबा, तुमची बी.कॉम.ची मार्कशीट दाखवा ना एकदा."

ती गोदरेजच्या कपाटात, सगळ्यात खालच्या खणात, हिच्या शालूखाली असते. किल्ली सापडत नाही, असं मी सध्या सांगितलं आहे.