पाटे

कोणी पार थकलेला दिसला की आमच्या घरी म्हणतात, ‘त्याचे पाटे बसले.’ पाटे म्हणजे जीपच्या मागच्या कण्याखालची पोलादी पट्ट्यांची चवड. आमची जीप महिंद्राची, एमएम ५४०, प्यूजोच्या आराखड्याचे डिझेल इंजिन असलेली. आप्पांनी १९९४ साली ती जुनीच घेतली. जांबोटीच्या पुढे कणकुंबीकडे रान दाट होत जाते आणि पाऊसही. तिथे जीप ही चैन नव्हे. काजू, फणस, भाताची पोती, लग्नाची वऱ्हाडे आणि आजारी माणसे, सगळे तिच्याच हौद्यातून खानापूरला गेले.

आप्पा गेल्यावर गाडी दादाकडे आली. मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत नोकरीला, त्यामुळे लोखंडातले थोडेफार कळते असा घरात समज. २०१८ च्या उन्हाळ्यात दादाचा फोन आला. गाडी डाव्या अंगाला कलते, चार पोती टाकली की मागचा रबरी ठोकळा कण्यावर आदळतो. ‘ट्रकचे दोन पाटे मिळालेत, जाड आहेत. कापून घालूया की. जन्माची कटकट जाईल.’

हा उपाय आमच्याकडे सर्रास चालतो. खरं म्हणजे तो उपाय नव्हे, शिक्षा आहे. लांबी-रुंदी तीच ठेवली तर पट्टीचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. सहा मिलिमीटरच्या जागी आठ मिलिमीटरची पट्टी आली तर ती एकटीच सव्वादोन पट्टींहून जास्त कडक. दोन घातल्या की जवळजवळ पाच पट्ट्यांची भर पडली. भरलेली गाडी ताठ उभी राहील, पण रिकामी गाडी दगडावरून दगडासारखी जाईल. शिवाय गॅसने कापलेल्या पट्टीची कड तापून तिथले पाणी उतरते. पुढे तडा जायचा तो तिथूनच.

हे मी दादाला सांगितले. तो म्हणाला, ‘तुझे गणित कागदावर. पोती मला वाहायची आहेत.’ त्याचेही खोटे नव्हते. त्या वर्षी काजूवरच घर चालायचे होते.

मध्ये वहिनी बोलल्या. वहिनी गावच्या आशा कार्यकर्त्या. पावसात एसटी बंद पडली की नऊ महिने भरलेली बाई त्या याच जीपमधून घेऊन जातात. त्या म्हणाल्या, ‘पोती बोलत नाहीत हो भावोजी. बाई कळा देत असते आणि गाडी उडते तेव्हा मागे कोण बसतं? मी बसते.’ दादा गप्प झाला. पण पोत्यांचा प्रश्न तसाच राहिला. एकाच गाडीने सोमवारी अर्धा टन न्यायचा आणि मंगळवारी एका बाळंतिणीला.

बेळगावातले पाट्यांचे मिस्त्री सत्तरीचे. आम्ही पाटे म्हणतो, ते कमानी म्हणतात, आणि गिऱ्हाईक कानडी असेल तर कानडीत बोलतात. त्यांनी आधी मेन पाट्याच्या एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत सुतळी ताणून मधली उंची मोजली. डावीकडची कमान जवळजवळ सपाट झाली होती. ऐरणीवर थंडच ठोकून बाक देतात तसे करायला त्यांनी साफ नकार दिला. ‘साहेब, म्हाताऱ्याला ताठ उभं केलं म्हणून तो जवान होत नाही. दोन महिन्यांत परत बसेल.’

त्यांनी सुचवले ते असे: जुन्याच जाडीच्या नव्या सिलिको-मँगनीज पोलादाच्या पट्ट्या घ्यायच्या, बाक थोडा जास्त द्यायचा, आणि सगळ्यात खाली एक जाड, सपाट मदतीचा पाटा ठेवायचा. गाडी हलकी असेल तेव्हा तो वरच्या पट्ट्यांना टोकाशी टेकतच नाही. ओझे वाढून वरची कमान दबली की तो कामाला लागतो. सोमवार आणि मंगळवार, दोन्ही एकाच चवडीत.

पट्ट्या भट्टीत लालभडक झाल्या, साच्यावर वाकल्या, तेलात बुडाल्या. नंतर पुन्हा बेताच्या आचेवर ठेवून त्यांचा ठिसूळपणा काढला. ही दुसरी आच टाळली तर पट्टी काचेसारखी मोडते. नवे बुश, नवा सेंटर बोल्ट, नवे यू-बोल्ट. जुने यू-बोल्ट चांगले दिसतात म्हणून दादा ते परत वापरायला निघाला होता, पण एकदा ताणून बसलेला यू-बोल्ट पुन्हा तशी पकड देत नाही.

गाडी मागून दीड इंच उचलली गेली आणि ताशी चाळीसच्या पुढे खालून घूं घूं आवाज येऊ लागला. मागचा कणा उंचीबरोबर थोडा फिरला होता आणि प्रोपेलर शाफ्टचा सांधा वाकडा चालत होता. मिस्त्रींनी कणा आणि पाटा यांच्यामध्ये एक चपटी पाचर घातली. आवाज गेला. ही पाचर पुष्कळ ठिकाणी विसरतात आणि मग सांधा का गेला म्हणून कपाळाला हात लावतात. पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे, हे मी दादाकडून तीनदा वदवून घेतले.

पोती भरण्याचा दिवस मी मुद्दाम रजा काढून पाहिला. हमाल कानडी, दादा मराठी, आणि मी खाली वाकून मदतीच्या पाट्याकडे बघत. सहाव्या पोत्याला फट कमी झाली, नवव्याला पाटा टेकला. दादा अजून पोती मागत होता. हमालच म्हणाला, ‘साकु, साकु.’ गाडी सरळ उभी होती.

त्या आषाढात वहिनींनी तीन बायका खानापूरला नेल्या. तिसरीच्या वेळी नाल्याच्या उतारावर दगडांतून गाडी गेली तेव्हा ती झोपली होती, एवढेच वहिनींनी सांगितले. दादाने काही विचारले नाही.

दरवर्षी पाऊस सरला की पट्ट्यांमधला गंज आणि चिखल काढावा लागतो. तो राहिला तर पट्ट्या एकमेकींवर सरकत नाहीत आणि सगळी मऊ चाल जाते. दादा अजूनही त्यावर काळे ऑइल ओततो, मी ग्राफाइटचे ग्रीस नेऊन देतो, आणि तो डबा तसाच फळीवर राहतो.

ट्रकचे ते दोन पाटे गोठ्यामागे पडून होते. गेल्या वर्षी गावच्या लोहाराने त्यातल्या एकाचे दोन कोयते आणि वहिनींना एक विळी करून दिली. विळीला धार अशी आहे की फणस चिरताना तेल लावायचे तेवढे विसरायचे नाही. दुसरा पाटा दादा कोणाला देत नाही.